खोकल्याची चौकशी: गावात फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी जागृती कशी करावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आरोग्याच्या कार्यक्रमांची वाण नाही. रक्तदान होते, मोतीबिंदूची शिबिरे होतात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रक्तातील साखर तपासली जाते. फुप्फुसाच्या कर्करोगाचा विषय मात्र सहसा निघत नाही, आणि निघालाच तर तोंडाच्या कर्करोगावरील भाषणात एखाद्या ओळीपुरता निघतो. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू चघळणाऱ्या, मळणाऱ्या किंवा दातांना लावणाऱ्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २४ टक्के आहे, तर धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आहे. त्यामुळे प्रचाराचा सगळा रोख पुडीवर राहतो, आणि तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु बांधावर बसून बिडी ओढणारा म्हातारा, चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेली त्याची बायको आणि दोन महिने खोकत असूनही ‘हवा बदलली’ म्हणून घरीच काढा घेणारा त्यांचा मुलगा ही तिन्ही माणसे या प्रचारातून सुटून जातात.

२०२२ मध्ये जगभरात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख माणसे त्याने दगावली. इतके बळी दुसऱ्या कोणत्याही कर्करोगाने घेतले नाहीत. भारतात त्याच वर्षी अंदाजे ८० हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यातील बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर रुग्णालयात पोहोचतात. त्यावेळी उपचार असतात, परंतु रोग मुळापासून काढून टाकण्याची संधी बहुधा निघून गेलेली असते. म्हणून तरुण मंडळ, बचत गट, ग्रामपंचायत किंवा शाळा यांपैकी कोणीही हा विषय हाती घेतला, तरी केवळ ‘बिडी वाईट’ एवढे सांगून थांबू नये. रेंगाळलेला खोकला तपासणीच्या टेबलापर्यंत नेणे हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित अंग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संदेश एकच असावा

पत्रकावर बारा लक्षणे छापली, तर घरी जाईपर्यंत एकही लक्षात राहत नाही. त्याऐवजी एकच वाक्य ठरवावे आणि ते वर्षभर बदलू नये: खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर दवाखान्यात तपासून घ्यावा, आणि टीबी निघाला नाही तरी चौकशी थांबवू नये. हे वाक्य लोकांच्या बोलीत असावे. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा या बाजूला अहिराणीत ‘दोन हप्ता व्हई ग्यात तरी खोकला जास नही? मंग दवाखानामा दखाडी या’ असे म्हटले, तर पाराजवळ बसलेली माणसे मान वर करून पाहतात. रावेर-यावल पट्ट्यात लेवा गणबोली आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरी किंवा भिलोरी बोलणारा माणूसच पुढे करावा. बाहेरून आलेल्या वक्त्याने घोकलेली बोली ऐकणाऱ्याला लगेच कळते.

हे वाक्य पोहोचवण्यासाठी फारसा खर्च लागत नाही. ग्रामपंचायतीची घंटागाडी सकाळी गल्लीगल्लीतून फिरते; तिच्या भोंग्यावर अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण लावण्यास सरपंचांनी परवानगी दिली, तर हजार पत्रकांचे काम होते. दूध संकलन केंद्राची आणि रेशन दुकानाची भिंत यांसारखी दुसरी जागा नाही, कारण तेथे माणूस रांगेत उभा असतो आणि समोरची भिंत वाचण्यावाचून त्याला दुसरा उद्योग नसतो.

वेळ निवडताना पंचांगापेक्षा शिवार पाहावे

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आणि १ ऑगस्ट हा फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा दिवस, असे दिवस दिनदर्शिकेत आहेत. ते पाळण्यास हरकत नाही. परंतु मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सकाळी अकराला मंडप घातला, तर मंडपात फक्त आयोजक बसतात. उन्हाळ्यातील कार्यक्रम रात्री जेवणे आटोपल्यावर घ्यावा. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू झाली की बाया दिवसभर शेतात असतात. त्या काळात सभा न घेता वेचणीच्या ठिकाणी, डोक्यावरची गाठोडी खाली उतरल्यावर, दहा मिनिटे बोलावे. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमारास परततात, म्हणून तेथे भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे होळीच्या तोंडावर भरणाऱ्या आदिवासी बाजाराच्या, आधी घरोघरी जाण्यात अर्थ नाही. चुलीच्या धुराविषयी बोलायचे असेल, तर आखाजीसारखा (अक्षय्य तृतीयेसारखा) योग नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, आणि सासरच्या स्वयंपाकघराविषयी मोकळेपणाने बोलण्यास सासू जवळ नसते.

बिडी ओढणाऱ्याशी कसे बोलावे

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ रुग्णांत धूम्रपान हे कारण असते, असे जागतिक पातळीवरील आकडे सांगतात. भारतात कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण यापेक्षा बरेच अधिक दिसते, हे ध्यानात ठेवून बोलावे. नाहीतर ‘आमची बाय तर बिडी पीत नव्हती’ या एका प्रश्नापुढे वक्ता गप्प होतो.

बिडीविषयी गावात पक्का समज असा आहे की तिच्यात तंबाखू थोडा असतो, वर कागद नसून पान असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य. हा समज वाद घालून जात नाही, बिडी हातात धरून दाखवली की जातो. तेंदूचे पान सच्छिद्र नसते आणि नीट जळत राहत नाही. ओढणाऱ्याने थोडा वेळ हात खाली घेतला की बिडी विझते, म्हणून तो सारखे आणि जोरात झुरके घेतो, पुन्हा काडी ओढतो आणि धूर खोलवर नेतो. परिणामी तंबाखू कमी असूनही त्या धुरातील निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण सिगारेटइतके किंवा तिच्याहून अधिक भरते. हे समजावून सांगणारा माणूस स्वतः पूर्वी बिडी ओढणारा असला तर उत्तम, कारण बिडी किती वेळा विझते हे त्याला पाठ असते.

‘आता साठी उलटली, आता सोडून काय उपयोग’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर आकड्यात द्यावे. धूम्रपान सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, आणि दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सतत ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत सुमारे अर्धा राहतो. धोका शून्य होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. बिडी सोडून पुडी धरणे म्हणजे सुटका नव्हे, कारण फुप्फुसावरचे संकट कमी होताना ते तोंडावर येते. ही अदलाबदल आपल्याकडे इतकी सर्रास होते की तिचा उल्लेख टाळू नये.

प्रत्यक्ष सोडण्याच्या वेळी उपदेशाचा उपयोग नसतो, व्यवस्थेचा असतो. पहिले दोन-तीन दिवस तलफ सर्वांत जोरात असते. चिडचिड, झोप न लागणे, डोके दुखणे हे त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. म्हणून दिवस ठरवताना लग्नसराई, पोळा किंवा पेरणीची धावपळ टाळावी, आणि सोडणाऱ्याने तो दिवस घरात आधी सांगून ठेवावा. एक तलफ बहुधा काही मिनिटांतच उतरते, तेवढा वेळ हात आणि तोंड कामात राहिले पाहिजे. शेंगदाणे, फुटाणे, बडीशेप खिशात असावी. ज्याला सकाळी उठल्याबरोबर बिडी लागते, त्याला केवळ निश्चयावर सोडू नये. निकोटीनचे च्युइंगम मिळते. ते गोळीसारखे सतत चघळायचे नसते, तर थोडे चावून झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचे असते, हे न सांगितल्याने अनेक जण मळमळ झाली म्हणून ते फेकून देतात. गोळ्यांचा पर्यायही आहे, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क असून तो सिगारेट-बिडीच्या पाकिटावरही छापलेला असतो. सोडलेल्याने पुन्हा एखादी बिडी ओढली, तर त्याची चेष्टा करणाऱ्याला आधी गप्प करावे, कारण बहुतेकांची बिडी पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही.

कायद्याचा आधार घ्यावा, धाक दाखवू नये. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी असून २०० रुपयांपर्यंत दंड होतो, अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूची विक्री करता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत टपरी चालत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिड्या विकण्यासही मनाई केली. टपरीवाला हा गावचाच माणूस असतो. मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील यांनी त्याच्या ओट्यावर बसून चहा घेत ही गोष्ट सांगितली, तर ती तक्रार अर्जापेक्षा लवकर पटते.

बिडी घरात ओढली जात असेल, तर घरातील इतरांचाही प्रश्न येतो. धूम्रपान न करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या धुराने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. नातवंडाला मांडीवर घेऊन बिडी ओढणाऱ्या आजोबांना हे एवढेच सांगून पाहावे. स्वतःच्या जिवाची पर्वा न करणारा माणूस येथे थोडा थबकतो.

चुलीचा धूर

घरोघरी गॅस आला, हे खरे आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर खेड्यात पोहोचवला. तरीही टाकी भरण्याचा खर्च टाळण्यासाठी भाकरी, आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण चुलीवरच होते, आणि कपाशीच्या काड्या व तुरीच्या तुराट्या शिवारात फुकट असतात. घरगुती कोळशाच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. लाकूडफाट्याच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. दमा, जुनाट श्वासरोग आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशी त्याचा संबंध अधिक थेट आहे. ही पायरी भाषणात सांभाळावी. जे ‘बहुधा’ आहे ते ‘नक्की’ म्हणून सांगण्याची गरज नाही.

सभेत दाखवण्यासाठी एक साधा प्रयोग आहे. पांढऱ्या सुती कापडाचे दोन हातरुमालाएवढे तुकडे घ्यावेत, एक चुलीच्या वर छपराजवळ आणि दुसरा अंगणातील तारेवर लावावा, आणि आठ दिवसांनी दोन्ही शेजारी धरून दाखवावेत. चुलीवरचा तुकडा पिवळट-काळा पडलेला असतो व त्याला धुरकट वास येतो. मात्र कापडावर दिसते ती जाड काजळी. फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाणारे कण त्याहून कितीतरी बारीक असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत, हे सोबत सांगावे.

उपाय सांगताना ‘चूल बंद करा’ असे म्हणू नये. निदान रोजचा चहा आणि भाजी गॅसवर व्हावी, पाणी तापवण्याची चूल घराबाहेर पडवीत न्यावी, धूर जाण्यास छपराखाली मोकळी फट ठेवावी, ओला फाटा जाळू नये, आणि तान्हे मूल किंवा गरोदर सून चुलीजवळ बसवू नये, इतके घडले तरी पुष्कळ झाले. शेतात काड्या पेटवून वांगी भाजून होणाऱ्या भरिताच्या पार्टीला विरोध करणारा प्रचारक खान्देशात टिकायचा नाही, आणि उघड्यावर कधीमधी होणाऱ्या त्या धुराची रोजच्या कोंडलेल्या स्वयंपाकघराशी तुलनाही होत नाही.

कामाच्या ठिकाणच्या धुळीविषयी थोडक्यात. दगडखाणी व खडी क्रशरची सिलिकायुक्त धूळ, डिझेलचा धूर आणि ॲस्बेस्टॉस हे सिद्ध कर्करोगकारक आहेत. जुने सिमेंटचे पत्रे जागच्या जागी असताना धोका कमी असतो, परंतु ते कापताना, भोके पाडताना किंवा फोडताना तंतू हवेत उडतात. पत्रे ओले करून, नाक-तोंड नीट झाकून काढावेत. जिनिंगमधील कापसाच्या धुळीने छाती आवळते आणि श्वासाचा वेगळा विकार होतो, पण तिला कर्करोगाचे कारण म्हणून सांगू नये.

खोकला, टीबी आणि हातातून जाणारे महिने

फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे आणि टीबीची लक्षणे बरीचशी सारखी असतात. रेंगाळलेला खोकला, बेडक्यातून रक्त, छातीत दुखणे, धाप, वजन उतरणे, भूक मंदावणे ही दोन्हीकडे आढळतात, आणि एक्स-रेवरचा डागही पुष्कळदा एकसारखा दिसतो. आपल्याकडे टीबी अधिक असल्याने डॉक्टरांनी आधी त्याचा विचार करणे रास्तच आहे. गफलत पुढे होते: थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू होतात, दोन-चार महिने जातात, रुग्ण वाळत जातो, आणि मग कोणीतरी सीटी स्कॅन करण्यास सांगते.

म्हणून कार्यकर्त्याने रस्ता नीट माहीत करून घ्यावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाला आशाताईंमार्फत उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. टीबीची थुंकी तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. सकाळचा, खोलवरून खोकून काढलेला बेडका द्यावा, तोंडातील लाळ नव्हे. टीबी निघाला, तर उपचार पूर्ण करावेत. टीबी निघाला नाही आणि खोकला चालूच राहिला, किंवा टीबीचे उपचार सुरू होऊन दोन महिने झाले तरी वजन वाढत नाही व एक्स-रेवरचा डाग कमी होत नाही, तर ‘सीटी स्कॅनची गरज आहे का’ हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. दोन्ही रोग एकत्रही असू शकतात. बेडक्यातून रक्त आले, तीन आठवडे आवाज बसलेला राहिला, चेहरा व मान सुजली, किंवा छातीच्या त्याच भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला, तर खोकल्याचे दोन आठवडे भरण्याची वाटही पाहू नये. चाळिशी ओलांडलेल्या बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत ही घाई दुप्पट करावी. ‘बिडीचा खोकला तर जुनाच आहे’ असे तो म्हणेल. त्याला विचारावे की खोकल्याची तऱ्हा बदलली आहे का, रात्री उठावे लागते का, बेडक्याचा रंग वेगळा आहे का.

जुने एक्स-रे जपून ठेवण्याची सवय गावाला लावावी. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच डाग तेवढाच असेल, तर तो बहुधा जुन्या टीबीचा व्रण असतो. नवा किंवा वाढलेला असेल, तर पुढची तपासणी अडवता येत नाही. घरोघरी या फिल्म पत्र्याच्या पेटीखाली दुमडलेल्या सापडतात. त्यांवर तारीख लिहून त्या सरळ ठेवाव्यात.

येथे एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात ‘सर्वांसाठी छातीच्या एक्स-रेचे मोफत शिबिर’ जाहीर करू नये. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसांत साध्या एक्स-रेने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होत नाहीत, हे मोठ्या अभ्यासांतून दिसून आले आहे. कमी किरणोत्साराच्या सीटी स्कॅनने दीर्घकाळ व भरपूर धूम्रपान केलेल्यांमध्ये मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने दाखवले. परंतु टीबीचे जुने व्रण असलेल्या आपल्या लोकांत ही तपासणी अनेक खोटे इशारे देते, म्हणून तिचा निर्णय छातीच्या तज्ज्ञांनी माणूस पाहून घ्यावा. ‘एक्स-रे साफ आला’ म्हणून निर्धास्त होऊन बिडी ओढत राहिलेला माणूस ही अशा शिबिराची सर्वांत वाईट फलश्रुती असते.

तपासणीनंतरची साथ

सुई लावली की गाठ पसरते, ही समजूत तिन्ही जिल्ह्यांत भेटते आणि तिच्यामुळे रुग्ण बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याच्या, दारातून परत फिरतात. सुईच्या तपासणीने कर्करोग पसरण्याची घटना अत्यंत विरळ आहे. तुकडा तपासल्याशिवाय कर्करोग आहे की नाही, कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणते औषध लागू पडेल हे ठरत नाही. काही रुग्णांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असतात आणि त्यांना रोजच्या गोळीचा चांगला उपयोग होतो, विशेषतः धूम्रपान न केलेल्यांमध्ये. ही माहिती कळली की भीती थोडी उतरते. भगताकडे जाणाऱ्या कुटुंबाला हिणवू नये. भगतालाच सभेला बोलावून ‘रक्त पडले की आधी दवाखाना’ एवढे त्याच्या तोंडून वदवून घेतले, तर काम सोपे होते.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; पुढच्या उपचारासाठी लोक नाशिक, सुरत किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. निघण्यापूर्वी शिधापत्रिका, आधार कार्ड, सर्व फिल्म, थुंकी तपासणीचे कागद आणि घेतलेल्या औषधांची यादी एका पिशवीत भरावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटावे, कारण आधी भरलेली रक्कम परत मिळवणे फार कटकटीचे असते. परराज्यात जाणार असाल, तर कोणती योजना तेथे चालते हे घरून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मंडळाने आपल्या कामाची नोंद ठेवावी, पण ती सभेच्या हजेरीची नव्हे. किती खोकणाऱ्यांची थुंकी तपासली, त्यांपैकी किती जण एक्स-रेपर्यंत पोहोचले, टीबी न निघालेल्या कितींची पुढे चौकशी झाली आणि बिडी सोडलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती टिकले, हे चार रकाने पुरेत. नावांची वही आशाताईंकडेच असावी. टीबी आणि कर्करोग या दोन्ही शब्दांनी गावात मुलीचे लग्न अडते, हे माहीत असलेल्या कार्यकर्त्याने ती वही चावडीवर उघडू नये. उपचार घेऊन परतलेल्या रुग्णाला मंचावर बोलावून हार घालण्याचा मोहही आवरावा. त्याला स्वतःहून बोलावेसे वाटले, तर तो पारावर बोलेल, आणि शेजारी बसलेला बिडीवाला ते ऐकेल.